अर्ध्या आमेनचे वडील

भर प्रार्थनेत "थांबा वो, मी आलोच" म्हणून उठून चालू लागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही पंधरा-वीस माणसं डोळे मिटून बसलेली आणि प्रार्थना सांगणाराच गायब! सकाळी कुणाला वाकडं बोललेलं आठवलं की यांचा शब्द घशातच अडायचा. मग आधी त्या माणसाला गाठायचं, चुकलो म्हणायचं आणि परत येऊन राहिलेलं आमेन पुरं करायचं. एकदा तर ते एका गाडीवानामागे नांदगाव पेठेच्या वाटेला लागले. आम्ही घरी जाऊन जेवून आलो, तरी आमेन व्हायचंच होतं. अमरावतीची पोरंसोरं त्यांना अर्ध्या आमेनचे वडील म्हणायची.

वडील हा आमच्या ख्रिस्ती मंडळीतला मान. उपासना चालवायची, आजाऱ्यांना भेटायचं, भांडणं मिटवायची, ही त्यांची कामं. पोटचं मूल नसलेल्या या माळ्याला आम्ही सगळेच वडील म्हणत होतो. माझे जन्मदाते वडील नगरकडून आलेले, मिशनच्या शाळेत मास्तर. घोटाळा नको म्हणून त्यांना इथे गावासारखंच मास्तर म्हणते. त्यांना शुद्ध मराठीचा भारी अभिमान. वडिलांनी प्रार्थनेत 'आम्हाला'ऐवजी "आमाले" म्हटलं की मास्तरांच्या कपाळाला आठी पडलीच.

त्या वर्षांत तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीतला कापूस हवा होता. लोकांनी ज्वारी मोडून कापूस लावला. रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा, हवेत तंतू आणि सगळ्या गावाला शिंका. वेशीबाहेर वडिलांचा वांगी, मेथी आणि मोगऱ्याचा मळा होता. त्यांनी त्यातलं एक झाड उपटलं नाही. "सारेच कापूस पेरून राहिले, मंग खातीन काय? बोंडं?" असं ते विचारायचे.

मात्र हा शहाणपणा त्यांना पहिल्यापासून नव्हता. बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या अंगात नव्या विश्वासाचा नुसता जोर होता. त्यांची बायको, आम्ही तिला मावशी म्हणत असू, नव्या धर्मात आली नाही. घरातल्या कोनाड्यात तिचे पाच टाक होते, म्हणजे देव कोरलेले चांदीचे छोटे पत्रे. तिच्या आईनं ते लग्नात दिले होते. एके दिवशी ती बाजारात गेलेली पाहून यांनी ते उचलले आणि मळ्यातल्या विहिरीत फेकले. मावशी परत आली, तिनं रिकामा कोनाडा पाहिला आणि चूल पेटवली. भाकरी वाढली, पण बोलली नाही. त्या दिवसापासून सात महिने ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही.

इकडे मास्तर खूश. असा खंबीर माणूस दुसरा नाही, असं त्यांनी नागपूरच्या पाद्रीसाहेबांना लिहून कळवलं. साहेब उन्हाळ्यात आले तेच यांना वडील नेमायचं ठरवून. साहेबांचं मराठी पुस्तकातलं. ते म्हणाले, "आता ही मंडळी तुम्ही सांभाळा."

वडील मान खाली घालून म्हणाले, "साहेब, माही मंडळी तं बोलूनच नाही राहिली माह्याशी."

साहेब गोंधळले. "बोलत नाही? आताच तर सर्वांनी किती छान गायिले!"

घरच्या बायकोलाही आपल्याकडे मंडळी म्हणतात, हे त्यांच्या पुस्तकात नसावं. आम्ही मुली तोंडात पदर कोंबून हसलो. वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला मागाहून आठवलं.

रविवार उजाडला. आमचं प्रार्थनाघर म्हणजे भाड्याचा एक कोठा. भाव चढल्याबरोबर मालकानं त्यात छतापर्यंत कापूस भरून टाकला, त्यामुळे उपासना वडिलांच्या मळ्यात, विहिरीकाठच्या आंब्याखाली ठरली. पलीकडे झोपडीच्या दारात मावशी मोगरा ओवत बसली होती. नेमणुकीसाठी वडिलांच्या डोक्यावर हात ठेवण्याआधी साहेबांनी त्यांना प्रार्थना करायला सांगितलं. "देवा, आमचं घर..." एवढं म्हणून ते अडले. पुन्हा "आमचं घर..." म्हणाले आणि पुन्हा अडले. मग ते वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकलं: "थांबा वो, मी आलोच."

मी डोळे उघडले. मोटेचा दोर धरून ते विहिरीत उतरत होते. खाली कमरेएवढं पाणी आणि चिखल. किती तरी वेळ नुसता डुबुक-डुबुक आवाज येत राहिला. वर आले तेव्हा गुडघा फुटलेला, अंगभर गाळ आणि मुठीत पाच टाक. ते झोपडीपर्यंत गेले आणि ओंजळ पुढे करून म्हणाले, "हे तुह्ये हायेत. फेकाचा मले हक नोता. चुकलो मी."

मावशीनं एकेक टाक पदरानं पुसला. मग ती बोलली. "गुडघा फुटला तुमचा. हळद लावा."

हळद लावलेल्या गुडघ्यानं ते लंगडत परत आले, आमच्यात बसले आणि म्हणाले, "आमचं घर तुह्या हाती हाये, देवा. आमेन."

मास्तर उसळलेच. "साहेब, हा कसला वडील? स्वतः मूर्ती काढून घरात नेल्या!"

साहेबांनी वडिलांना विचारलं, हे खरं का. ते म्हणाले, "मूर्तीसाठी नाही उतरलो साहेब. तिच्या मायनं तिले देल्लेली वस्तू मी तिच्या मागं उचलली. याले चोरी म्हनते. चोर वडील कसा होईन?"

साहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "आज नाही." वडील म्हणाले, "बरोबर हाये." त्यांना वाईट वाटलं असणार, मला तर फारच वाटलं. तरी पुढचं वर्षभर दर रविवारी चटया अंथरायला तेच आधी हजर असत.

त्या वर्षात आमच्या घरी एक नवल घडलं. मास्तरांनी माझ्या आईला "माझं चुकलं" म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. आई इतकी गांगरली की तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं. मास्तरांनी ती निमूट खाल्ली. पुढल्या उन्हाळ्यात साहेबांनी वडील कोण हवा म्हणून विचारलं, तेव्हा यांचं नाव घ्यायला सर्वांत आधी मास्तरच उभे राहिले.

साहेबांनी एवढंच विचारलं, "तुमची मंडळी आता बोलते ना?" या खेपेला त्यांना शब्द बरोबर कळला होता.

"बोलते साहेब. आता थांबते कुठं!"

मावशीनं बाप्तिस्मा कधीच घेतला नाही. टाक कोनाड्यात राहिले आणि दर रविवारी आंब्याखालची जागा तीच झाडून ठेवायची. कुणी खोचक विचारलं तर वडील म्हणत, "तिचं अन् देवाचं थे दोघं पाहून घेतीन. मी माह्यं पाहतो."

माझं लग्न अकोल्याला ठरलं. पाठवणीला सगळे बडनेऱ्याच्या स्टेशनावर आले. आगगाडी नवी होती, मी भेदरलेली. वडिलांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. "देवा, या लेकराच्या घरात..." एवढं म्हणून ते अडले. मी ओळखलं. सकाळी माझ्या गजऱ्यावरून ते मावशीवर खेकसले होते आणि ती बाहेर बैलगाडीतच बसून राहिली होती.

"थांब पोरी, मी आलोच."

ते गेले आणि गाडी सुटली. कुंपणापलीकडे बैलगाडीजवळ दोघं मला दिसली. मावशी हात उडवून ओरडत होती, "अवो, गाडी सुटून राहिली ना! पोरीचं आमेन?" आणि वडील तिच्यासमोर हात जोडून उभे होते.

ते आमेन अकोल्याला येऊन म्हणतो, असा त्यांचा निरोप आला. पण त्याच वर्षी तापानं ते गेले. पुढे मावशी भेटायला आली, तेव्हा मी तिच्या गळ्यात पडून रडले. म्हटलं, माझी प्रार्थना अर्धीच राहिली. तिनं माझे डोळे पुसले. "राहू दे वं. संपली नाही म्हंजे चालू हाये."

आता मी म्हातारी झाले. अजूनही नवऱ्याशी वाजलं की उपासनेत माझा शब्द अडतो. मग मी उठते, दोन रांगा ओलांडून त्यांच्यापर्यंत जाते आणि चुकलं म्हणते. लोक हसतात. हसू देत. माझ्यासाठी कुणीतरी अजून प्रार्थना करत आहे.