उजवीकडचं वळण

रियाधमध्ये शुक्रवारी सकाळी रस्ते ओस पडतात. दुपारच्या नमाजापर्यंत दुकानं बंद, ऑफिसं बंद, शहर पांघरूण ओढून झोपलेलं. हे मला तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. मी मिरजेची. शाळेत सायकलवर गेले, कॉलेजात सायकलवर गेले, लग्नाची निम्मी खरेदी कॅरियरला बांधून आणली. आणि लग्न करून आले कुठे, तर बाईनं रस्त्यावर सायकल काढायची नाही अशा शहरात. खिडकीतून तो रुंद मोकळा रस्ता दिसला की माझे पाय शिवशिवायचे. मग मी पडदा ओढायची आणि पोळ्या लाटायला घ्यायची, जरा जास्तच जोरात.

पुढे आम्ही भिंतींच्या आतल्या एका वसाहतीत राहायला गेलो. सगळे तिला कंपाउंडच म्हणायचे. तिथे आतल्या आत बायकांनी सायकल चालवली तरी कुणी हरकत घेत नसे. घरांच्या भोवतीनं एक गोल रस्ता होता, एकेरी, कायम डावीकडे वळत जाणारा. उलटं कुणी निघालं की फाटकावरचा वॉचमन शिट्टी मारायचा. मी सायकल घेतली आणि त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं गोल गोल फिरले. घाण्याच्या बैलाला निदान तेल तरी काढल्याचं समाधान असतं. मला फक्त घाम यायचा.

फ्रान्सचं वेड घुसलं ते मुलीमुळे. शाळेच्या कसल्याशा प्रोजेक्टसाठी ती कॉम्प्युटरवर फोटो शोधत होती आणि मी मागून चहाचा कप घेऊन बघत होते. खेड्यापाड्यांतून जाणारी जुनी रेल्वेलाइन. रूळ उखडून तिथे सायकलींसाठी वाट केलेली. पुढे तीच वाट कालव्याला जाऊन मिळते. दोन्ही बाजूंना उंच झाडं, पाण्यात त्यांच्या सावल्या, मधेच एखादं जुनं स्टेशन, त्यात आता चहा-कॉफीचं दुकान. मोटारींना मज्जाव. दिवसच्या दिवस चालवत राहावं आणि कुठे हॉर्न ऐकू येऊ नये. मी विचारलं, ‘ही वाट परत फिरून येते का गं?’ मुलगी म्हणाली, ‘आई, इट्स जस्ट अ रोड. इट गोज समव्हेअर.’ तिला काय कळणार! मी इतकी वर्षं जिथून निघाले तिथेच येऊन पोचत होते. मला कुठेतरी जाणारा रस्ता हवा होता. एवढंच हवं होतं, आणि ते मला फार हवं होतं.

आखातातल्या माणसाची सुट्टी स्वतःची नसते. कंपनी तिकीट देते ते गावचं, आणि गावानं त्या दिवसांची वाटणी आधीच करून ठेवलेली असते: लग्नं, मुंजी, दुखणी, घराचं रखडलेलं काम. आम्ही यंदा फ्रान्सला जाणार हे कळल्यावर सासूबाईंनी फोनवर तारखा पुन्हा विचारून घेतल्या. मग म्हणाल्या, ‘सुट्टी आहे, आणि घरी नाही यायचं? कोण आहे तिथे तुमचं?’ मी म्हणाले, ‘कुणी नाही, म्हणून तर जातोय.’ हे मला डोळ्यांनी दटावत होते. दटावू देत. मी बोलायचं ते बोलून मोकळी झाले.

खरी अडचण दुसरीच होती. आमच्या ह्यांना सायकल येत नव्हती. हे वाढले रत्नागिरीजवळच्या एका वाडीत, डोंगराच्या अंगावर. तिथे सायकल घेतली तर ती खांद्यावर घालून फिरवावी लागली असती. पन्नाशी उलटलेला माणूस, एका कंपनीत हिशेबाच्या खात्याचा प्रमुख, इस्त्रीची घडी मोडू न देणारा. मी धरूनच चालले होते की हे म्हणणार, तू आणि पोरगी जाऊन या. पण एक दिवस ऑफिसातून आले, बूट काढता काढता म्हणाले, ‘मला शिकव.’

शिकवलं. बाई गं, काय ते दिवस! मी सीटला धरून मागे धावतेय, हे हँडल असं आवळून धरताहेत की जणू कुणी काढूनच नेणार आहे, आणि गॅलरीतून शेजारच्या बायका बघताहेत. ‘खाली बघू नका, पुढे बघा!’ ‘पुढे भिंत आहे.’ ‘मग वळा!’ आपटले, खरचटले, एकदा मेंदीच्या कुंपणात शिरले. पण चिकाटी दांडगी. हळूहळू जमलं. तिन्हीसांजेला आम्ही दोघं त्या गोल रस्त्यावर मागेपुढे फिरायला लागलो. माझ्या संसारात मला इतकं सुख दुसऱ्या कशानं दिलं नाही, असं मी आजही म्हणेन.

रात्री जेवणं झाली की मी नकाशा उघडून बसायची आणि हे खांद्यावरून डोकावून एकच विचारायचे, ‘सरळ आहे ना सगळी वाट?’ मी म्हणायची, ‘अहो, रेल्वेची लाइन होती ती, सरळच असणार.’ दोन दिवसांनी पुन्हा, ‘कालव्याजवळ वळणं किती आहेत?’ मला वाटायचं, माझी फिरकी घेताहेत. मी नकाशा मिटून टाकायची.

ऑफिसात तोवर वारं फिरलं होतं. सौदीकरण आम्हाला नवं नव्हतं. कंपनीत स्थानिक माणसं किती, त्यावर कंपनीचा रंग ठरायचा, हिरवा की पिवळा की लाल, आणि रंगाप्रमाणे कामगारांचे कागद पुढे सरकायचे किंवा अडायचे. आधी रिसेप्शन गेलं, मग खरेदी खातं. आता हिशेबाच्या खात्यात एक तरुण आला, इथलाच, परदेशात शिकलेला. त्याला काम शिकवायचं ह्यांनी. मी दातओठ खात होते, पण हे म्हणायचे, ‘त्याच्या देशात त्याला नोकरी नको का मिळायला? पोरगा हुशार आहे.’ तो पोरगा घरी खजुराचा डबा घेऊन आला, ह्यांच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसला. त्याच्यावर रागावताही येईना, याचाच मला राग आला.

फ्रान्सच्या व्हिसाला इकामा लागतो, म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना, आणि तो आपण परत आल्यावरही काही महिने चालणारा हवा. आमचा संपत आला होता. दर वेळी कंपनी नवा करून द्यायची. या वेळी व्हिसाची भेट आठवड्यावर आली तरी होईना. एक दिवस हे दुपारीच घरी आले. टाय सोडला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘खलास.’ नवा इकामा नाही. कायमचं परत जायचं. मुलीची परीक्षा झाली होती, ती आधी आजीकडे गेली. आम्ही दोघं सामान बांधायला मागे राहिलो.

मी रडले नाही. मी भांडले. कंपनीशी, ह्यांच्याशी, भिंतींशी. ‘इतकी वर्षं राबलात, आणि एक सुट्टी, एक माझ्या मनासारखी सुट्टी मिळू नये?’ हे चादरीत भांडी गुंडाळत बसले.

निघण्याच्या आधीचा शुक्रवार. मी उठून बघते तर हे बुटांच्या नाड्या बांधून तयार. ‘चल, फ्रान्सला जाऊ.’ मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. ह्यांनी खिडकीकडे बोट केलं. रस्ता रिकामा होता, टोकापर्यंत. त्या सुमारास तिथे बायका मोटारी चालवायला लागल्या होत्या, सायकलवर कुठे कुठे मुली दिसत होत्या. कुणी अडवलं असतं का? कुणास ठाऊक. मी अंगावरच्या काळ्या अबायाचा घोळ वर घेऊन कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवला, चेनमध्ये जाऊ नये म्हणून. फाटकातून सायकली हातात धरून बाहेर नेल्या. वॉचमन बघत राहिला. शिट्टी मारली नाही.

‘तू पुढे हो,’ हे म्हणाले. ‘मी येतो मागून.’

फाटकापासून थोडा सरळ रस्ता, मग उजवीकडे वळून तो मोठ्या रस्त्याला लागतो. मी वळले आणि समोर जे काही होतं ते सगळं माझं होतं. पायडल मारत राहिले. वळायचं नव्हतं, वेग कमी करायचा नव्हता. वारा कानांत शिरत होता, डोक्यावरची ओढणी मागे गेली होती आणि मी मोठ्यानं हसत होते, एकटीच. मग मागे वळून पाहिलं. हे वळणापाशीच उभे होते, दोन्ही पाय जमिनीवर. बोलवत नव्हते. हातानं पुढे ढकलल्यासारखं करत होते, जा, जा.

मी गेले. पार उड्डाणपुलापर्यंत गेले. पण पुलाखाली थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघापासून मी हसत नाहीये.

यू-टर्न घेऊन परत आले तर हे फुटपाथच्या कडेला बसलेले. सायकल आडवी, तळहात सोललेला, पँटला माती. मला बघून म्हणाले, ‘कसं होतं फ्रान्स?’

‘तुम्ही नव्हतात तिथे,’ मी म्हणाले, आणि भर रस्त्यात उभी राहून रडले. इतक्या दिवसांचं सगळं तिथे रडले.

हे उठले, चांगल्या हातानं माझं हँडल धरलं. ‘मला उजवीकडे वळता येत नाही गं. आपल्या त्या गोल रस्त्यावर कधी तसं वळावंच लागलं नाही.’

‘तुम्हाला ठाऊक होतं?’

‘एकदा अंगणात करून पाहिलं होतं. पडलो. तू इतकी खूश होतीस. म्हटलं, तिकडची वाट सरळ आहे, निभून जाईल.’

मला तो नकाशा आठवला, आणि खांद्यावरून येणारा तो प्रश्न.

कोपऱ्यावर फर्निचरच्या दुकानासमोर फरशी घातलेली मोठी मोकळी जागा होती, दुकान बंद. मी ह्यांना तिथे नेलं. ‘बसा सायकलवर.’ ‘आता कशाला? परवा विमान आहे.’ ‘बसा म्हणते ना!’ मी पुन्हा सीटला धरून मागे धावले. ‘उजवा खांदा झुकवा. खाली बघू नका.’ पाय टेकले, पुन्हा बसले, पुन्हा टेकले. ऊन चढलं. रस्त्यावर एक-दोन गाड्या दिसायला लागल्या, माणसं मशिदीकडे निघाली. अजान सुरू झाली तेव्हा मी सीट सोडून दिलेली होती आणि हे एक अख्खी फेरी मारून, उजव्या अंगानं, माझ्यासमोर येऊन थांबले.

‘पाहिलंस?’

‘पाहिलं.’

मग आम्ही सायकली हातात धरून फाटकाकडे परत निघालो. त्या दोन्ही वॉचमनला देऊन टाकायचं आधीच ठरलं होतं.