टोपीची क्लिप

दुपारच्या जेवणानंतर भरतेशच्या पापण्या जड होतात, पण आज झोप परवडणारी नाही. समोर कॉम्प्युटरवर फाइल दुरुस्त होत असल्याची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते आहे आणि संध्याकाळी रत्नप्रभावहिनी दुकानात येणार आहेत.

फाइल सन्मतीदादाची शेवटची. जयसिंगपूरच्या एका लग्नात शूटिंग करता करता दादा कोसळला तो कायमचाच, कॅमेरा पडला, बॅटरी निखळली आणि रेकॉर्डिंग अर्धवट राहिलं. भरतेश तेव्हा नवरीच्या खोलीत दुसऱ्या कॅमेऱ्यावर होता. फाइल आहे, पण उघडत नाही. नवऱ्याचा शेवटचा शब्द त्यात असणार, अशी वहिनींची खात्री आहे. भरतेशला दोन्ही बाजूंनी धास्ती आहे. फाइल उघडलीच नाही तर काय, आणि उघडली तर काय?

अशी फाइल दुरुस्त करायला त्याच कॅमेऱ्याची एखादी धडधाकट क्लिप नमुना म्हणून द्यावी लागते. त्याने बऱ्याच देऊन पाहिल्या. दर वेळी माणसांच्या तोंडाच्या जागी हिरवे चौकोन येतात आणि आवाज येतच नाही.

पट्टी पुन्हा अडते. भरतेश टेबलावर हातांची घडी घालून डोकं टेकतो. दार वाजत नाही, तरी दादा आत आलेला आहे, खांद्याला बॅग अडकवून.

"कुठला नमुना लावलायस?"

भरतेश सांगतो, त्याआधी शूट केलेल्या लग्नाचा.

"त्या दिवशी सकाळी मी सेटिंग बदललं हुतं. तुला सांगायचं राहिलं."

म्हणजे चालेल असा नमुनाच नाही. भरतेश दुकानभर शोधत सुटतो, पण फळ्यांच्या जागी पंगत बसली आहे. हिरव्या चौकोनांची माणसं मसालेभात खात आहेत आणि कोणाची काही तक्रार नाही. दादा वाढप्यासारखा ओळीतून चालत जातो आणि एका म्हाताऱ्यापाशी थांबतो. पांढरी टोपी घातलेल्या त्या एकट्याचाच चेहरा स्वच्छ दिसतो.

"टोपी घेतलेली मी."

शूटिंगच्या दिवशी दादा सगळ्यात आधी कोणा म्हाताऱ्याला गाठून त्याची टोपी शूट करायचा. पांढरं म्हणजे काय ते कॅमेऱ्याला एकदा कळलं की दिवसभर रंग चुकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. एडिटिंगला बसलं की भरतेश या क्लिपा कचरा म्हणून उडवायचा.

"टाकलीस काय?"

भरतेशला आठवत नाही. मंगल कार्यालयात कृष्णेचं पाणी शिरतं आहे, पत्रावळी तरंगायला लागल्या आहेत.

"कार्डातनं शेवटची एकच फाइल काढली, दादा. बाकीचं बघायचा धीरच झाला न्हाई."

"मग हाय ती. पहिलीच."

"शेवटी काय बोललास? वैनीला काय सांगू?"

स्टँड कुठे दिसत नाही, म्हणून दादा गर्दीत करायचा तसा भरतेशच्या उजव्या खांद्यावर कॅमेरा टेकवतो आणि एक डोळा मिटतो. कॅमेरा कधीच इतका जड नव्हता. पाणी गुडघ्याशी आलं आहे आणि भरतेशला हलता येत नाही.

"तिला एकटीला ऐकू दे आधी," दादा म्हणतो.

भरतेश दचकून जागा होतो. खांदा ठणकतो आहे. शर्ट बाजूला करून बघतो तर कॅमेऱ्याच्या बुडाएवढा लाल चौकोन उमटला आहे. डोकं हातांवर होतं, खांद्याला काही लागलेलं नव्हतं. तो कॅमेऱ्याचं कार्ड लावतो. पहिल्याच फाइलमध्ये टोपी आहे, आणि "झालं, आज्जा" म्हणणारा दादाचा आवाज.

ती क्लिप नमुना म्हणून दिल्यावर पट्टी न अडता शेवटाला जाते. चेहरे चेहऱ्यांसारखे दिसतात. शेवटचा भाग तो लावत नाही.

वहिनी येतात तेव्हा तो त्यांच्या कानाला हेडफोन लावून देतो, कुठलं बटण दाबायचं ते दाखवतो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसतो. एवढं करून उगाच जखम उकरली, असं त्याला वाटायला लागतं.

मग वहिनी दारात येतात. डोळे पुसलेले आहेत, पण रडलेलं लपत नाही.

"माझ्यासाठी न्हाई ते, भावजी," त्या म्हणतात. "'भरतेश, धर रे' म्हणालेत."

आणि हेडफोन त्याच्यापुढे करतात.