चिंचेनं घासलेले दिवे

मी हात लावला तेव्हा सासऱ्यांच्या मोटारीचे दिवे मंद का होईना, पण लागत होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात ही गोष्ट कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. उमरग्यापासून आठ कोसांवर माझी सासरवाडी. सासऱ्यांकडं, म्हणजे शिवलिंगप्पांकडं, मागं उघडा हौदा असलेली एक जुनी मोटार होती. तिच्यातून भुईमुगाच्या शेंगा उमरग्याच्या बाजाराला जायच्या आणि येताना मीठ, रॉकेल आणि चार-दोन पाहुणे यायचे. चालवायला महबूबचाचा. मोटार काय आणि चाचा काय, दोघंही तापल्याशिवाय आवाज करत नसत. त्या दसऱ्याला सासऱ्यांनी हौसेनं स्वतःच्या हातानं मोटारीला हिरवा रंग दिला होता. चाकाच्या नटापासून टपापर्यंत, रंग संपेस्तोवर.

लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी तिथं गेलो होतो. नव्या जावयाचा थाट काय विचारता! मी पाटावरून उठलो की लोड तयार, लोडावरून उठलो की पाट तयार. जावयाच्या शब्दाला कुणी नाही म्हणायचं नाही, हा त्या घरचा कायदा. तो किती घातकी आहे हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी माझ्या मेहुणीचा, गिरिजेचा साखरपुडा होता. आधीचं एक स्थळ हातातोंडाशी येऊन मोडलं होतं, त्यामुळं घरात सगळे जीव मुठीत धरून वावरत होते. मुलगा उमरग्याच्या दुकानदाराचा. त्या दिवशी तिथला बाजार, म्हणून पाहुणे दुकान आवरून दुपार कलल्यावर आमच्या मोटारीनं निघणार आणि दिवेलागणीनंतरच्या मुहूर्ताला पोचणार. गावाच्या अलीकडं पोलिसांचा नाका होता. अंधार पडल्यावर बिनदिव्याची किंवा मिणमिणत्या दिव्यांची मोटार आली की ती सकाळपर्यंत तिथंच अडकवायचे. आणि मुलाच्या आजीनं निरोप धाडला होता, "वाटंत गाडी अडली तर आमी त्यो देवाचा कौल समजू अन् माघारी फिरू." म्हणजे गिरिजेचं लग्न आता दोन दिव्यांवर येऊन ठेपलं होतं.

साखरपुड्याच्या सकाळी चाचा अंगणात येऊन म्हणाले, "मालक, दसऱ्यापासनं दिवे लई मंद झालेत."

सासरे काही बोलायच्या आत मी लोडावरून म्हणालो, "मी बघतो."

"पावणं, तुमी कशाला हात काळे करताव?" सासरे म्हणाले.

"सोलापुरात मोटारीच्या कारखान्यात होतो मी." (चार महिने. चाकात हवा भरायची आणि मिस्त्रीला चहा आणायचा.)

माझी बायको महादेवी दारात उभी होती. तिला हवेचं आणि चहाचं ठाऊक होतं. पण चारचौघांत नवऱ्याचं पितळ उघडं पाडायला ती माझ्यासारखी अविचारी नव्हती.

मी आधी बॅटरी काढली, तिच्यात पाणी घातलं, परत बसवली. दिवे होते तसेच. मग म्हटलं, तारांत काहीतरी असणार. सगळ्या तारा सोडवल्या आणि आठवतील तशा जोडल्या. आता दिव्याचं बटण दाबलं की भोंगा वाजू लागला आणि भोंगा दाबला की दिवे लागू लागले.

"हे एक बरं झालं," चाचा गंभीरपणे म्हणाले. "आठ कोस भोंगा दाबूनशान येतो."

घाम पुसत मी तारा पुन्हा होत्या तशा केल्या. मग दिव्यांच्या काचा उघडल्या, आणि मला साक्षात्कार झाला. बल्बच्या मागची वाटी काळवंडली होती. वाटीच चकचकीत नाही तर उजेड पडणार कसा? मी दोन्ही वाट्या घेऊन सासूबाईंकडं गेलो.

"अव्वा, चिंच आणि राख द्या."

अव्वांनी वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "चिंचनं घासायचं म्हणताव?"

"देवाची भांडी घासता तसं. अगदी जोर लावून."

जावयाचा शब्द. अव्वांनी पदर खोचला आणि अशा घासल्या की विचारू नका. वरचं चांदीचं पाणी चिंचेच्या कोळाबरोबर मोरीतून वाहून गेलं आणि खालून पिवळंधमक पितळ निघालं. चाचांनी ते बघितलं, "माशाल्ला" म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

दिवसाउजेडी दिवे तपासायचे म्हणून मोटारीचं तोंड ढकलत गोठ्याच्या अंधारात घातलं. बटण दाबलं. घासण्याआधी निदान समोरची भिंत तरी दिसली असती. आता पुढ्यातल्या बैलाचं नाकसुद्धा धड दिसेना. बैल निवांत रवंथ करत राहिला.

मागं वळून बघतो तर गिरिजा उभी. नुकत्याच भरलेल्या हिरव्या बांगड्या हातात, आवाज अगदी बारीक. "दाजी, व्हतील न्हवं नीट?"

खरं सांगतो, त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं. मी सकाळपासून पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोललो.

"चाचा, तुम्हाला काय वाटतं?"

"इचारलंत म्हनून सांगतो, जमाईसाब." चाचांनी खिशातला चाकू काढला, दिव्याखालचा एक बोल्ट सैल केला आणि तिथला हिरवा रंग खरवडला. "ही तार गाडीच्या लोखंडाला भिडाया पायजे. मधी रंगाचा थर बसला. करंट जाईल कसा?"

बोल्ट पिळला, बटण दाबलं, आणि बल्ब लखकन पेटले.

"मग सकाळीच का नाही सांगितलं?"

"रंग मालकानं दिला. दुरुस्ती तुमी काढली. मधी बोलनारा म्या कोन?"

सासरे एकदम आढ्याकडं बघू लागले.

बल्ब पेटले खरे, पण त्या पितळी वाट्यांतून उजेड पुढं जाईना. चार हातांवर पिवळट डबकं पडायचं आणि संपायचं. सूर्य डोक्यावरून कलू लागला होता. तेवढ्यात महादेवी कागदाची एक घडी घेऊन आली. पाहुण्यांच्या विड्यांवर लावायला सासऱ्यांनी हैदराबादहून चांदीचा वर्ख मागवला होता. तिनं वाट्यांना आतून तुपाचं बोट फिरवलं आणि वर्खाचं एकेक पातळ पान फुंकर घालत बसवलं. मी मदतीला हात पुढं केला.

"तुमी लोडावर बसा," ती म्हणाली. घरच्या कायद्याला पडलेला तो पहिला तडा.

गोठ्यात उजेड पडला तसा बैल उठून उभा राहिला. चाचा गाडी काढून धुरळा उडवत गेले.

दिवेलागण झाली. आम्ही सगळे वेशीपाशी उभे. नाक्याकडच्या वळणावर काहीच नाही. अव्वा जप करत होत्या आणि मी देवाला मनातल्या मनात काहीबाही कबूल करत होतो. आणि मग दोन पांढरे दिवे वळणावर आले, नाक्यापाशी जरा थबकले, आणि सरळ आमच्याकडं निघाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मुलाची आजी उतरली आणि हसत म्हणाली, "वाटभर साजूक तुपाचा वास येत हुता. जेवनाचा बेत जोरात दिसतुया." चाचांनी पुन्हा पाठ फिरवली.

साखरपुडा झक्कास झाला. विडे तेवढे बिनवर्खाचे होते. मग लग्नाच्या याद्या लिहायला बसले. मानपान ठरले, वऱ्हाडाची माणसं ठरली, आणि शेवटी सासरे खाकरले.

"आनखी एक कलम घाला. जावयानं मोटारीला हात लावायचा न्हाय."

"का बरं?" मुलाच्या वडलांनी चमकून विचारलं.

जावयाबद्दल वाकडा शब्द कोण काढणार? सगळ्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. ती याद गिरिजेनं अजून जपून ठेवली आहे, आणि त्या कलमाखाली साक्षीदार म्हणून पहिली सही माझी आहे.