डब्याचं वजन

केंद्राने आमच्या राज्याला फसवलं. आधी कांद्याची निर्यात बंद केली, मग निर्यात घटली म्हणून राज्यांच्या क्रमवारीत आम्हाला खाली ढकललं आणि आमच्या बाजाराचं मंजूर गोदाम शेजारच्या राज्याला देऊन टाकलं. तिथे कांदा पिकतच नाही, बंदीची झळ त्यांना कुठून लागणार?

पेपरात हे वाचून मी सकाळी तेलाच्या दुकानासमोर धुमसत उभा होतो. भाजी विकणाऱ्या सखूमावशी पत्र्याचा डबा घेऊन आल्या. दुकानदार डबा तराजूत ठेवून थेट तेल ओतणार, तोच त्या कडाडल्या, "ए भाऊ, आधी धडा कर! डबा काय तेलाच्या भावाने घेऊ?"

"मावशी, पावशेराचा तर डबा!"

"मग तुझ्या पदरचं घाल की पावशेर!"

तो ओशाळून हसला. दुसऱ्या पारड्यात डब्याइतकं वजन टाकून त्याने धडा केला, तराजू सरळ झाला आणि मगच तेल ओतलं.

हमाली करत मी व्यापारी झालो तो याच बाजारात. भांड्याचं वजन मालात धरायचं नाही, एवढी लाज इथे अजून शिल्लक आहे. राज्यं तोलणाऱ्यांनी मात्र बंदीचं वजन आमच्या नालायकीत धरलं, आणि बंदी त्यांचीच!

मावशी डबा सांभाळत गल्लीतून गेल्या, थेंबही सांडला नाही.

ज्याने ती क्रमवारी लावली, त्याने इथे यावं, मावशींसमोर उभं राहावं आणि तोलण्याआधी धडा का केला नाही, ते सांगावं.