तेमजेनला खोली मिळाली नाही

आमची पोस्ट चौदा हजार फुटांवर, बर्फात होती. मी आणि लान्सनायक तेमजेन, दोघेही सिग्नल्सचे. सहा-सहा तास आळीपाळीने रेडिओ सेटवर. तो नागालँडचा, मी बीडकडच्या नांदूरघाटचा. पहिल्याच दिवशी मी माझी खाट त्याच्यापासून लांब ओढली. त्याने माझं काही बिघडवलं नव्हतं. तो चेहरा मला शेजारी नको होता.

सुभेदारसाहेब म्हणाले, "खाट जागेवर." एवढंच.

ढग बंकरच्या दारातून आत येत. त्या पांढऱ्या, मुक्या दिवसांत माझी अढी कधी विरली, कळलं नाही. तेमजेन माझ्याकडून मराठी शिकला, तीही आमच्याकडची.

माझ्या बहिणीच्या लग्नाला त्याला बीडला आणलं. दुपारी दोनला लॉजवर पोचलो. मॅनेजरने त्याच्याकडे पासपोर्ट मागितला. त्याने आर्मीचं कार्ड पुढे ठेवलं.

"राग नका धरू, साहेब. असल्या चेहऱ्याच्या मानसाला खोली द्यायची न्हाई, मालकाचा नियमच हाय."

"फौजी हाय तो!" मी ओरडलो.

"माझा काय बी राग न्हाई त्यांच्यावर. शेजारच्या लॉजवर बी हेच सांगत्याल."

तिथेही तेच सांगितलं.

रस्त्यावर तेमजेन म्हणाला, "तू खाट ओढली, तवा तुझ्या मागं कुणी नव्हतं. सुभेदार माझ्या बाजूनं होता. ह्या मॅनेजरला तर माझा रागबी न्हाई बे. तरी दार बंद."

"खाटेचं तुला माहीत होतं?"

"लई आवाज झालता." तो हसला. मला हसता आलं नाही.

तो मंगल कार्यालयात माझ्या भावांबरोबर सतरंजीवर झोपला. लग्नानंतर गावी नेलं. सकाळी धुक्यात, छातीएवढ्या ज्वारीत तो कितीतरी वेळ उभा होता.

पुढच्या हिवाळ्यात, पोस्टवर, सकाळी अकरा-चाळीसला, तो दोन जवानांसह अँटेना सरळ करायला वर गेला. सेटवर मी होतो.

"अँटेना ओके. कसं ऐकू येतंय? ओव्हर."

"लई भारी. ओव्हर."

मग नुसती खरखर. वरून बर्फाचा कडा सुटला होता. दोघे जवान जिवंत निघाले. तेमजेन चार-दहाला सापडला.

निवृत्तीनंतर त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईने जेवू घातलं. त्याच्या बहिणीने आईचा प्रश्न हिंदीत सांगितला: तुमच्याकडे लोक त्याच्याशी नीट वागले ना?

मी म्हणालो, "हो."

म्हातारीने माझा हात हातात घेतला. भिंतीवर तेमजेनचा वर्दीतला फोटो होता. त्याच्याकडे बघायला मला बराच वेळ लागला.