हो म्हणायच्या आधीची लवंग

"ताई, आई गेल्या," प्रज्ञा फोनवर म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठल्या शाळेत?"

चूक माझी नव्हती, जानेवारीची होती. जानेवारीत मंगलआत्या ‘गेली’ याचा अर्थ इतकी वर्षं एकच होता. कुठल्या तरी शाळेचं गॅदरिंग आहे, रिक्षात गाठोडी टाकून आत्या मावळे पोचवायला गेली आहे, दुपारपर्यंत येईल. खराडीच्या ऑफिसात माझ्यासमोर कामाचा ढीग होता, कानाशी फोन होता, आणि पलीकडून प्रज्ञा, आत्याची सून, म्हणाली, "शाळेत नाही, ताई..." तेव्हा मला कळलं, की या वेळी आत्या दुपारी परत यायची नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कसबा पेठेत आत्याचं ऐतिहासिक पोशाख भाड्याने देण्याचं दुकान. दुकान कसलं, समोरासमोर दोन मोठी लाकडी कपाटं आणि मध्ये एक बोळ. डाव्या कपाटात शिवकाल, म्हणजे बाराबंद्या, चोळणे, शेले, मुंडाशी. उजव्या कपाटात पेशवाई, म्हणजे अंगरखे, उपरणी, चक्री पगड्या. मधल्या बोळात स्टुलावर आत्या. "एका हाताला महाराज, दुसऱ्या हाताला पेशवे. मला कोण हलवणार?" असं ती म्हणायची. पुण्यात शाळेत असताना तुम्ही कधी मावळा झाला असाल, तर त्या बाराबंदीच्या बंदाची गाठ माझ्या आत्याने मारलेली असण्याची बरीच शक्यता आहे.

पेठेत तिच्यासाठी छोटी शोकसभा झाली. सगळे चांगलं बोलले. एक गृहस्थ म्हणाले, "शिस्त मंगलाताईंच्या रक्तातच होती." माणूस गेल्यावर बरं बोलावं हे मलाही समजतं, पण हे साफ खोटं आहे आणि आत्यावर अन्याय करणारं आहे. आत्याच्या रक्तात आळस होता. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. घरात तिची ख्याती म्हणजे उठायला उशीर आणि बोलायला घाई. आजी म्हणायची, मंगलला कणीक भिजवायला सांगावी तर शेजारणीशी गप्पा मारता मारता खीर करून ठेवेल. आणि सगळ्यांत मोठा दोष म्हणजे तिच्या तोंडातला ‘हो’. कुणी काहीही मागो, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचा हो तयार. तो मनापासून असायचा, हीच तर अडचण. मागणाऱ्याचं पडलेलं तोंड तिला बघवायचं नाही. हे सगळं अंगात असताना ज्या बाईने दुकान चालवून दाखवलं, तिला ‘रक्तातच होतं’ म्हणून मोकळं होणं म्हणजे तिची कमाई तिच्या आईबापांच्या नावावर टाकणं.

दुकान मुळात काकांचं, आत्याच्या यजमानांचं. काका अचानक गेले तेव्हा मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होते. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आमचं घर. तिथून कॉलेजला यायचं आणि कॉलेज सुटलं की आत्याच्या दुकानात, हा माझा रोजचा रस्ता. गाळा दोघा भावांच्या नावावर होता, काका आणि त्यांचे धाकटे भाऊ अण्णा. अण्णा वाईट नव्हते, सरळ होते. आणि पुण्याचे होते, त्यामुळे त्यांचं सरळ बोलणं जरा जास्तच लागायचं. ते म्हणाले, "वहिनी, गुढीपाडव्यापर्यंत दुकान तुमचं. जमलं तर आनंद आहे. नाही जमलं तर पाडव्याला इथे झेरॉक्सचं मशीन बसेल. माणूस बघून ठेवलाय मी."

आत्या अर्थातच "हो" म्हणाली. अण्णा गेल्यावर मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, "शुभा, हे गेलं तर मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात ‘मंगल, चहा टाक’ ऐकत बसणार. इथे निदान मला बाई म्हणतात."

पहिल्याच गॅदरिंगच्या सीझनला व्हायचं ते झालं. आत्याने एकाच दिवशी दोन शाळांना मावळ्यांसाठी हो म्हणून ठेवलं होतं. मुंडाशी होती एका शाळेपुरती. हे ध्यानात आलं तेव्हा दारात रिक्षा उभी होती. आत्याने उजवं कपाट उघडलं आणि दुसऱ्या शाळेच्या मावळ्यांसाठी पेशवाईतल्या चक्री पगड्या गाठोड्यात भरल्या. "लहान मुलं आहेत, कोण बघतंय?" असं ती म्हणाली. हे वाक्य पुण्यात कुणी म्हणू नये. पडदा वर गेला. मधोमध महाराज, मागे बाराबंदी घातलेले मावळे, आणि मावळ्यांच्या डोक्यावर थेट पेशवाई! पहिल्या रांगेतले एक निवृत्त मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "मावळे वेळेवर आलेत. पगड्या मात्र शंभर वर्षं आधीच पोचल्यात." सभागृह हसलं. महाराज झालेली मुलगीसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका गाठोडं घेऊन स्वतः आल्या. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "मंगलाबाई, आमच्याकडे शिवाजी महाराज चौथीला शिकवतात. मागच्या बाकावर जागा आहे. येता का बसायला?" ही गोष्ट आत्या घरी पोचायच्या आत पेठभर पोचली होती. संध्याकाळी अण्णा आले.

"झेरॉक्सवाल्याला निरोप देऊ का, वहिनी?"

"पाडवा झाला का, भाऊजी?"

"नाही."

"मग तुम्हीसुद्धा वेळेआधीच पोचलात."

बोलली ती ताठ्यात, पण अण्णा वळणावर दिसेनासे झाल्यावर परत आलेलं गाठोडं मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. मग म्हणाली, "मला सुधारायचंय गं. पण सगळं एकदम नाही जमणार. मी काही संत नाही." मी कॉमर्सची विद्यार्थिनी, लगेच वेळापत्रक करून भिंतीवर लावलं. माझी पाठ फिरेपर्यंत ते टिकलं. मग आत्याने स्वतःच डोकं चालवलं, आणि जे शोधून काढलं ते माझ्या मते पाठ्यपुस्तकात घालण्यासारखं आहे. ती म्हणायची, "चांगली सवय म्हणजे नवी सून. एकटी सोडली तर माहेरी पळते. तिला घरातल्या जुन्या माणसाशेजारी बसवायचं." जुनी माणसं म्हणजे तिचे जुने दोष. ते घालवायच्या भानगडीत ती पडलीच नाही, त्यांना तिने कामाला लावलं.

सकाळी उठवत नाही ना? समोरच्या अमृततुल्यवाल्याला सांगून टाकलं, दुकान उघडायच्या वेळेला चहा पायरीवर ठेवून जायचा, मी असो वा नसो. आत्या काहीही सोसेल, वाया गेलेला चहा सोसणार नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा गार चहा प्यायली, त्यानंतर कधी नाही. गप्पा सुटत नाहीत ना? मग गप्पा सुई हातात असेल तरच. दुपारी शेजारणी आल्या, की ही परत आलेली गाठोडी सोडायची. एकेक कपडा उलटा करून बघायची, खिसे झटकायची, तुटलेले बंद तिथल्या तिथे लावायची. जितकी रंगतदार बातमी तितकी जास्त शिलाई. पेठेत एखादं लग्न मोडलं की आमच्या बाराबंद्या नव्यासारख्या व्हायच्या.

राहिला तो ‘हो’. त्यावरचा उपाय लवंगेचा. गिऱ्हाईक पायरीशी दिसलं, की आत्या डबीतली लवंग काढून दाढेखाली धरायची. लवंग फुटली की जीभ बधिर आणि डोळ्यांत पाणी. अशा तोंडाने ‘हूं’ म्हणता येतं, ‘हो’ म्हणावंसं वाटत नाही. मग उठायचं, कपाटाशी जायचं, मागितलेल्या कपड्याला प्रत्यक्ष हात लावायचा, आणि मगच येऊन बोलायचं. हात लागला तर हो. नाही लागला तर नाही. निम्मी पेठ समजत होती, बाईंची दाढ दुखते. एकाने दातांच्या डॉक्टरकडे चला म्हणून आग्रह केला, तर आत्या "हो" म्हणून बसली... तेव्हा तोंडात लवंग नव्हती.

पाडवा जवळ आला. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी एका मोठ्या मंडळाचा कार्यकर्ता दुकानात आला. अण्णा तिथेच चहा पीत बसले होते, मी गाठोडी बांधत होते.

"ताई, अख्खी फौज लागणारे. एकदम कडक. आहे ना?"

"हूं," आत्या म्हणाली आणि आत गेली.

"आहे हो, आहे, बसा तुम्ही!" अण्णांनी परस्पर सांगून टाकलं.

आत्या बाहेर आली. "निम्मी आहे. निम्मी नाही."

"मग बाकीचं कुठूनतरी जमवा की!"

"उजव्या कपाटात पगड्या आहेत. पण त्या एकदा पाठवून बघितल्यात. लोक हसतात."

कार्यकर्ता गेला. अण्णांनी कप आपटला. "वहिनी, दारात आलेली लक्ष्मी. तिला म्हणालात, निम्मीच आत ये!" आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते बघून अण्णा वरमले. "बरं, रडू नका आता."

"रडत नाहीये. लवंग आहे."

पण मी जवळ होते, मला दिसत होतं. मी बांधून ठेवलेलं गाठोडं ती परत सोडून बांधत होती. पाडव्याला या बोळात मशीन बसणार, हे त्या दिवशी तिने मनाशी धरलं होतं असं मला वाटतं. तरी तिने त्या माणसाला हाक मारून परत बोलावलं नाही. एवढी वर्षं मी आत्याला जवळून पाहिलं, पण तिचं सगळ्यांत मोठं काम कोणतं विचाराल तर मी हेच सांगेन, की त्या दिवशी ती पायरीवरून हाक न मारता उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी कार्यकर्ता स्वतःहून आला. "ताई, आणखी तीन दुकानं फिरलो. तिघंही बसल्या जागेवरनं हो म्हणाले. कपाट कुणी उघडलंच नाही. आता मला त्या तिघांचीच भीती वाटायला लागलीय. तुमची निम्मी द्या."

मिरवणूक पेठेतून निघाली. पुढे आत्याची फौज, प्रत्येक बंद जागेवर, प्रत्येक मुंडासं ठसठशीत. मागे बाकीची पोरं साधे भगवे फेटे बांधून. ते निवृत्त मास्तर नेमके कट्ट्यावर उभे होते. त्यांनी फौज डोक्यापासून पायापर्यंत बघितली, पुढून बघितली, मागून बघितली, आणि काहीच बोलले नाहीत. पुण्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. त्याच आठवड्यात दोन मंडळं आली. एका शाळेने पुढच्या गॅदरिंगसाठी आत्ताच सांगून ठेवलं.

पाडव्याला सकाळी अण्णा आले, ते तोरण आणि पेढे घेऊन. तोरण बांधता बांधता, आत्याकडे न बघता म्हणाले, "त्या झेरॉक्सवाल्याला नाही म्हणून सांगितलं मी."

"अरे वा. जड गेलं असेल. लवंग देऊ?"

त्याच वर्षी मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे मी कधीही आवाज खाली करून सांगत नाही. वडिलांनी सगळ्या क्वार्टर्सना पेढे वाटले. फोटो काढायला भाड्याने घेतलेला काळा झगा घालून मी मिरवत आत्याच्या दुकानात गेले. वाटलं, आता ही जवळ घेणार. तिने झग्याची बाही उलटी केली. "शिवण उसवलीय. न बघता दिलेला दिसतोय." मला तिथेच उभं करून अंगावरच्या झग्याला टाके घातले, दोरा दाताने तोडला, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाली, "आता फोटो काढ. आता पदवी पक्की." मग रडली. त्या वेळी लवंग नव्हती.

पुढे दुकान वाढलं, शेजारचा गाळा आला, गणपतीतल्या जिवंत देखाव्यांना आत्याचेच कपडे हवेत असा मंडळांचा हट्ट सुरू झाला. मुख्याध्यापिका बाई निवृत्त होईपर्यंत दरवर्षी येत राहिल्या, आणि दरवर्षी "आमच्या मागच्या बाकावर अजून जागा आहे हं" असं म्हणून जात राहिल्या. लग्न होऊन आलेल्या प्रज्ञाला आत्याने कधी काही शिकवायला बसवलं नाही. "तुझी वाईट सवय कुठली?" एवढंच विचारलं. प्रज्ञा लाजून म्हणाली, "मला सारखं आवरत बसायची खोड आहे." आत्या म्हणाली, "म्हणजे तुला फुकटच मिळालंय सगळं! मला बघ किती खटपट करावी लागली."

गॅदरिंगचा सीझन संपला, की शिवजयंतीच्या आधी सगळे कपडे धुऊन इमारतीच्या गच्चीवर वाळत घालायचे, ही आत्याची पद्धत. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा खाली दुकानाचं दार ओढलेलं होतं. वर गेले. गच्चीभर दोऱ्या, दोऱ्यांवर बाराबंद्या, अंगरखे, शेले. वारा चांगला होता. बाह्या फुगून हलत होत्या, जणू सगळे एकदम निघायच्या तयारीत. प्रज्ञा ओल्या कपड्यांची बादली घेऊन एकेक बंद सरळ करत होती. ऐंशीला टेकलेले अण्णा टोपी घालून, हातात काठी, कबुतरं हाकत खुर्चीवर बसले होते. मीही पदर खोचला आणि बादलीत हात घातला.

इतक्यात खालून हाक आली. एका बाईंनी शाळेतल्या मुलीला बोटाशी धरलं होतं. "अहो, हे दुकान बंद झालं का? कुणीतरी सांगितलं, त्या मालकीणबाई गेल्या म्हणून..."

प्रज्ञाने बादली खाली ठेवली. मी कठड्याकडे निघाले, पण माझ्याआधी अण्णा काठी टेकत उठले, कठड्यावरून वाकले, आणि पेठेने कित्येक वर्षांत ऐकला नसेल एवढ्या मोठ्या आवाजात ओरडले, "जरा वर बघा बाई! अख्खं सैन्य वाळत घातलंय, आणि विचारताय दुकान बंद झालं का!"