ऑक्सिजन बंद ठेवा

“विष फुप्फुसात उतरलंय, ताई. पण ऑक्सिजन इतक्यात लावायचा नाही,” डॉक्टर म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. नवऱ्याला धाप लागलेली, उशाशी ऑक्सिजनची नळी, आणि ती लावायची नाही?

चार दिवसांपूर्वी हे दिंडोरीला आमच्या बागेत तणनाशक मारत होते. पंपाची नळी चोकअप झाली. ह्यांनी ती तोंडाला लावून फुंकली. आमच्याकडे सगळेच फुंकतात. नळीत साचलेलं थोडं घशात गेलं, तर चूळ भरून काम पुरं केलं! तिसऱ्या दिवशी जीभ सोलवटली, लघवी कमी झाली, तेव्हा नाशिक गाठलं.

काउंटरवर मी सांगितलं, “ह्यांच्या पोटात औषध गेलंय.” तिथल्या बाईंनी आवाज खाली आणला. “घरात भांडण झालं होतं का?” आम्ही फवारायच्या विषालाही औषधच म्हणतो. पण पोटात गेलं म्हटलं की लोक भलताच अर्थ काढतात. “झालं नाही, पण आता होईल,” मी म्हणाले.

तपासण्या झाल्या. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं थकलेली. डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. “प्रत्येक पेशीभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. ते मऊ आणि हलतं असतं, म्हणून पेशी जगते. हे विष ऑक्सिजन वापरून ती चरबी नासवतं. त्याला लिपिड पेरॉक्सिडेशन म्हणतात. तेल खवट होतं ना, तसंच. मग आवरण ताठर होतं, फाटतं. जादा ऑक्सिजन म्हणजे विषाला खुराक. सॅच्युरेशन फारच उतरलं तरच लावू.” सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन.

मला सगळं समजलं. पण मॉनिटरवर ब्याण्णव, एक्याण्णव, पुन्हा ब्याण्णव. बसवेना, उभं राहवेना.

दुपारी भेटायच्या वेळेत सिस्टर पलीकडच्या पेशंटकडे वळल्या. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. मी ह्यांना ऑक्सिजनचा मास्क लावला आणि भिंतीवरचा नॉब फिरवला. डॉक्टरांनी येऊन तो बंद केला, तोवर दहा मिनिटं गेली होती. ते ओरडले. मीही ओरडले.

सोळाव्या दिवशी सीटी स्कॅन झाला. डाव्या फुप्फुसात फायब्रोसिस, म्हणजे मऊ भाग कडक झालेला. “माझ्यामुळे?” मी विचारलं. “सांगता येणार नाही. ते जगलेत, हेच मोठं समजा.” मी डॉक्टरांची माफी मागितली.

तुमच्याकडे असं झालं, तर तासाभरात दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या. आणि नळीला तोंड लावू नका हो!

घरी आल्यावर हे भेटायला येणाऱ्यांना सांगायचे, “डॉक्टर नाय म्हनत व्हते. हिनं मास्क लावला म्हनून वाचलो.” लोक माझं कौतुक करायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. परवा शेवटी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “तेच माझं चुकलं. फुप्फुसातला तो डाग कदाचित माझ्यामुळेच असेल.”

जिना चढून आल्यामुळे ह्यांची छाती अजून धपापत होती.

“आसंल,” ते म्हणाले. “पन तवा लय बरं वाटलं व्हतं.”